ज्याने बदल केला, त्यानेच नोंद करावी

प्रिय,

डेटा कॅटलॉगच्या, म्हणजे कंपनीच्या डेटाबेसमध्ये कुठली टेबलं आहेत आणि त्यांचा अर्थ काय हे नोंदवून ठेवणाऱ्या साधनांच्या तुलनेची तुझी शीट नीट वाचली. डेटाहब, ओपनमेटाडेटा, कोलिब्रा, अटलान, पर्व्ह्यू. पाचही साधनांना प्रत्येक ओळीत दहापैकी गुण दिलेस आणि शेवटी बेरीज जवळपास सारखीच आली. 'ताई, आता ठरवू कसं?' हा तुझा प्रश्न. मेहनत दिसते रे. पण तू जे मोजलंस ते या सगळ्यांनाच येतं, मग बेरीज वेगळी कशी येणार? डेटाबेसला जोडलं की टेबलांची नावं, कॉलमचे प्रकार, शेवटचं अपडेट, कुठली क्वेरी कुणी चालवली, हे कुठलंही बऱ्यापैकी साधन आपोआप उचलतं. ही शीट बाजूला ठेव.

आपोआप उचलता येत नाही तो अर्थ. तुमची कंपनी कर्ज देणारी, म्हणून तुमच्याच धंद्यातलं सांगते. थकबाकीचे दिवस मोजणारा डीपीडीचा कॉलम तुमच्याकडे असणारच. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलं की खातं थकीत आहे का, एनपीए म्हणजे अनुत्पादक झालं का, हे दिवसअखेरच्या प्रक्रियेतच ठरलं पाहिजे. शिवाय नुसता थोडा हप्ता भरला म्हणून एनपीए खातं पुन्हा नियमित करायचं नाही, व्याज आणि मुद्दल दोन्हींची सगळी थकबाकी चुकती व्हायला हवी, हेही त्यात होतं. जिथं हा हिशेब महिनाअखेरीला होत असे तिथं गणित बदलावं लागलं. मी तेव्हा अशाच एका कंपनीत होते. कॉलमचं नाव तेच राहिलं, प्रकारही तोच, पूर्णांक. आत मोजलं जाणारं मात्र बदललं. पुढे कित्येक महिने जुने आणि नवे आकडे एकाच आलेखात शेजारी शेजारी मांडले जात होते, आणि 'तुमच्याकडे थकबाकी अचानक का वाढली' म्हणून शाखांना जाब विचारला जात होता. कॅटलॉग होता. चांगला महागडा होता. त्या कॉलमपुढे लिहिलेलं होतं: 'थकबाकीचे दिवस'.

हे वर्णन कुणी लिहिलं होतं? नुकत्याच कॉलेजातून आलेल्या दोन मुलांनी. साधन विकत घेतल्यावर ते रिकामं दिसू नये म्हणून त्यांना बसवलं होतं, कॉलमचं नाव बघायचं आणि मराठी माणसानं इंग्रजीत जसं लिहावं तसं एक वाक्य लिहायचं. ज्या इंजिनिअरनं गणित बदललं त्याला तारीख ठाऊक होती, कारण ठाऊक होतं, जुनं सूत्र ठाऊक होतं. त्याला कुणी एक ओळ लिहायला सांगितलं नाही. त्या दोघांतली एक मुलगी पुढे या क्षेत्रातूनच बाहेर पडली. अतिशय हुशार होती. तिची सुरुवातीची ती उमेदीची वर्षं अशा कामात घालवली गेली, याची खंत माझ्या मनातून जात नाही, आणि तुझं पत्र वाचताना पहिली तीच आठवली. तुलाही उद्या तिथंच बसवतील.

म्हणून माझं सांगणं एकच. ज्याने बदल केला, त्यानेच नोंद करावी, आणि बदल करतानाच करावी. नंतर नाही, दुसऱ्याने नाही.

सातबारा आठव. जमिनीच्या हक्कात बदल झाला की आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद होते, आणि त्या फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो. म्हणजे आजची स्थिती आणि ती कशी आली याचा माग, दोन्ही एकाच कागदावरून लागतात. आणि पिकांची नोंद? पूर्वी ती तलाठ्यानं करायची, गावभरच्या शेतांची. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या शेतात उभा राहून फोटोसह ती नोंदवतो. काय पेरलंय हे ज्याला ठाऊक, त्याच्याच हातात नोंद आली. त्या ॲपच्या अडचणी गावोगावी ऐकू येतात, त्या खऱ्याही आहेत. पण नोंद कुणाच्या हातात असावी, याचं उत्तर तिथं बरोबर दिलं गेलं.

मोठ्या कंपन्याही फिरून इथंच आल्या. लिंक्डइननं २०१६ मध्ये व्हेअरहाउज नावाचं साधन खुलं केलं. ते सगळीकडे फिरून माहिती गोळा करून आणायचं. त्याचा अनुभव घेतल्यावर त्यांनी डेटाहब बांधलं आणि २०२० मध्ये तेही खुलं केलं. त्या बांधणीमागचा त्यांनी स्वतः सांगितलेला एक धडा असा, की आपण जाऊन मेटाडेटा, म्हणजे डेटाविषयीची माहिती, ओढून आणण्यापेक्षा जिथं तो तयार होतो तिथूनच पाठवला जावा. एवढी माणसं, एवढं भांडवल, आणि पोचले कुठं, तर उगमापाशी.

आता साधन निवडायला घे. तुमची टीम डीबीटी, म्हणजे टेबलं बनवणारी सूत्रं कोडच्या फाइलींत ठेवणारं साधन, वापरते असं तू लिहिलंयस. मग कॉलमचं वर्णन आणि मालकाचं नाव यामल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, सूत्राच्या शेजारीच राहू शकतं. एकाच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे मंजुरीला पाठवलेल्या एकाच बदलात, सूत्रही बदलतं, वर्णनही बदलतं, आणि तपासणारा दोन्ही एकत्र बघतो. साधनाला पहिला प्रश्न हाच विचार: हे वर्णन तू तिथून वाचतोस का? आणि कुणी स्क्रीनवर जाऊन ते बदललं तर काय होतं? पुढच्या वाचनात माणसानं लिहिलेलं पुसलं जातं, की फाइलमधलं दुर्लक्षित राहतं? विक्रेत्याला डेमोमध्ये हेच करून दाखवायला सांग, तुमच्या स्वतःच्या एका टेबलावर. त्यांच्या तयार नमुन्यावर सगळंच सुंदर दिसतं, ते बघण्यात तासभर घालवू नकोस.

दुसरं, बाहेर पडायची वाट. करार संपला की वर्णनं, टॅग, मालकांची नावं, सगळं एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामनं, पूर्ण काढता येतं का? नोंद फाइलमध्ये असेल तर ही भीती निम्मी संपते, कारण साधन गेलं तरी नोंद तुमच्या गिटमध्ये, कोडच्या साठ्यात, उरते.

फुकट साधनांबद्दल तुझ्या शीटमध्ये 'खर्च: शून्य' असं लिहिलंय. ते खोड. डेटाहब चालवायचं तर संदेश वाहून नेणारं काफ्का, सर्चसाठी इलास्टिकसर्च किंवा ओपनसर्च, आणि एक डेटाबेस सांभाळावा लागतो. ओपनमेटाडेटाला काफ्का लागत नाही, पण डेटाबेस आणि सर्च लागतंच. अपाची ॲटलास तर हडूप या मोठा डेटा साठवणाऱ्या प्रणालीच्या काळातलं, त्याच्याबरोबर एचबेस हा डेटाबेस आणि सोलर हे सर्च येतात, आणि तुमच्याकडे हडूप नाही, तेव्हा त्याचा विचारही करू नकोस. रात्री सर्चचा इंडेक्स बिघडला तर उठणार कोण, त्याचं नाव लिही. नाव सुचत नसेल तर विकतचं घ्या. तिथं मात्र बघ की लायसन्स माणशी आहे का. माणशी असेल तर पैसे वाचवायला कंपनी ते मोजक्या लोकांना देणार, आणि ज्या वसुलीवाल्याला डीपीडीचा अर्थ हवा होता त्यालाच ते मिळणार नाही.

लीनिएजच्या, म्हणजे डेटाचा उगम आणि प्रवास दाखवणाऱ्या, चित्रांवर तू फार भाळलायस. चांगली असतात ती. क्वेरीचे लॉग वाचून कॉलम कुठून कुठं गेला हे काढता येतं, एअरफ्लो आणि स्पार्क या डेटाची कामं चालवणाऱ्या साधनांतून ओपनलीनिएजच्या ठरावीक साच्यात ते पाठवताही येतं. पण वित्त विभागातला कुणी दर महिन्याला आकडे एक्सेलमध्ये उतरवून, दोन रकाने हातानं दुरुस्त करून मेलनं पुढे पाठवतो, ते कुठल्याही चित्रात येणार नाही. दुरुस्ती करणाऱ्यानंच ती नोंदवली, तरच ती दिसेल. पुन्हा तिथंच आलो बघ.

वैयक्तिक माहितीचंही तसंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माणसाला आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागण्याचा हक्क दिलाय, आणि कायदा मोडल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. एखाद्याचा मोबाइल नंबर तुमच्या किती टेबलांत आहे, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. साधनं हे आपोआप ओळखतात असं विक्रेते म्हणतात, आणि बरंचसं ओळखतातही. पण दहा आकडी कर्ज खाते क्रमांक आणि दहा आकडी मोबाइल यंत्राला सारखेच दिसतात. तो रकाना ज्यानं बनवला त्याला मात्र क्षणभरही शंका नसते. मग त्यालाच का विचारत नाही आपण?

तू म्हणतोस, 'इंजिनिअर ऐकणार नाहीत, त्यांना वेळ नाही.' अरे, चाचण्या लिहायलाही त्यांना एकेकाळी वेळ नव्हता. आज चाचणीशिवाय कुणी मर्ज करत नाही, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळत नाही, कारण मर्जच होत नाही. वर्णनाचंही तेच कर. नवा कॉलम आला आणि वर्णन रिकामं असेल तर तपासणी नापास. मालकाचं नाव कोडओनर्सच्या फाइलमध्ये, आणि तिची सक्ती चालू, म्हणजे त्याच्या मंजुरीशिवाय त्याच्या टेबलाचा अर्थ कुणी बदलू शकत नाही. 'ग्राहक आयडी म्हणजे ग्राहकाचा आयडी' असली वर्णनं यंत्राला पकडता येत नाहीत, ती तपासणाऱ्यानं परत पाठवायची. पहिला महिना लोक रागावतील. रागावू देत.

माझ्यावरही रागावले. पुढच्या नोकरीत खरेदीवर सही करायचा अधिकार माझ्याकडे आला, तेव्हा मी ती अडवून धरली. महत्त्वाच्या टेबलांची वर्णनं त्या त्या टीमनं स्वतः लिहिल्याशिवाय साधन घ्यायचं नाही, असं सांगितलं. 'बाई कामं अडवतात,' 'जग कुठं चाललंय आणि या कागद मागतात,' हे सगळं कानावर आलं. वरिष्ठांनीही बोलावून विचारलं. मी हटले नाही, आणि आज पुन्हा ती वेळ आली तरी हटणार नाही. साधन उशिरा आलं, पण ज्या दिवशी आलं त्या दिवशी ते भरलेलं होतं, आणि ते भरायला एकाही नवख्या मुलाला बसवावं लागलं नव्हतं. उशीर झाला हा आरोप मला मान्य आहे. त्या उशिराच्या बदल्यात काय मिळालं, ते मी पाहिलंय.

तुझ्या वरिष्ठांना महिनाअखेरीला नाव हवंय ना? त्यांना नाव देऊ नकोस, दहा टेबलं दे. रिझर्व्ह बँकेला जाणारी विवरणं आणि संचालक मंडळापुढचे आकडे ज्यांतून येतात, तेवढीच. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव, विभागाचं नाही. डीपीडीचं टेबल सर्वांत आधी घे, त्याचं वर्णन ज्यानं गणित लिहिलं त्याच्याकडूनच लिहून घे, सूत्र आणि बदलाच्या तारखेसकट. मग त्या दहा टेबलांवर डेटाहब किंवा ओपनमेटाडेटा, आणि विकतच्यांपैकी एक, अशी दोन साधनं चालवून बघ. फाइलमधलं वर्णन कुठं नीट पोचतं आणि वसुलीवाल्याला ते शोधून सापडतं, एवढंच बघायचं. डेमोला वसुलीवाल्याला शेजारी बसव आणि माउस त्याच्या हातात दे.

ती दहा नावं मला पाठव. ज्या टेबलापुढे नाव सापडत नाही ती ओळ रिकामीच ठेव, स्वतःचं नाव तिथं घालू नकोस.

तुझी,
ताई