शाळेच्या लॅबसाठी एकच पेनड्राइव्ह: मेनू, इमेज आणि डिस्क ओळखणं

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही म्हणता की गोव्यात डिचोली तालुक्यातल्या तुमच्या शाळेत १८ संगणक आहेत, त्यातले १४ नवे आणि ४ जुने. मुलांच्या हाताखाली काही ना काही बिघडतं आणि विंडोज नव्याने टाकण्यात दर वेळी अख्खा दिवस जातो. रुफस या बूटचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने तुम्ही क्लोनझिला, म्हणजे डिस्कची प्रत घेणारं सॉफ्टवेअर, टाकलंत. मग त्याच ड्राइव्हवर विंडोजचा आयएसओ (पूर्ण इन्स्टॉल डिस्क एकाच फाइलमध्ये) टाकायला गेलात तर क्लोनझिला पुसलं गेलं. आता तुम्हाला एकाच ड्राइव्हवर मेनू हवा आहे. त्यातून इमेज (सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) घेता यावी, परत टाकता यावी, आणि तुम्ही रजेवर असाल तेव्हा दुसऱ्या बाईंना किंवा सरांनाही ते जमावं.

हे नक्की जमतं. मी फोंड्याला संगणक दुरुस्तीचं काम करतो आणि असा ड्राइव्ह रोज वापरतो. तो बनवायला अर्धा तास पुरतो. खरी मेहनत आहे ती मेनूतली नावं ठरवण्यात आणि कुठली डिस्क कुठली हे ओळखण्यात, म्हणून त्याबद्दल जास्त लिहितो.

रुफसमध्ये दोष काही नाही. तो एका वेळी एकच आयएसओ लिहितो, त्यासाठीच तो आहे. तुम्हाला हवं ते व्हेंटॉय. २०२० साली आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की पुढे आयएसओ फाइल नेहमीसारखी कॉपी करायची, बस. बूट करताना, म्हणजे मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करताना, ड्राइव्हवरच्या सगळ्या आयएसओंची यादी मेनू म्हणून समोर येते. बसवताना ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, ते आधी दुसरीकडे काढून ठेवा. नंतर नवी आवृत्ती चढवताना मात्र आतल्या फाइल तशाच राहतात. बसवल्यावर ड्राइव्हचे दोन भाग होतात. मोठा भाग एक्सफॅट (फाइल साठवण्याची एक पद्धत), तो तुमच्या फाइलींसाठी. आणि ३२ एमबीचा एक छोटा भाग, त्यात व्हेंटॉय स्वतः राहतो. त्या छोट्याला हात लावू नका. विभाजनाची पद्धत एमबीआरच (डिस्कचे भाग नोंदवण्याची जुनी पद्धत) ठेवा, म्हणजे ४ जुन्या मशीनवरही चालेल.

ड्राइव्ह ३२ जीबीचा किंवा त्याहून मोठा घ्या, ओळखीच्या दुकानातून, यूएसबी ३ चा. स्वस्तातल्या काही ड्राइव्हवर १२८ लिहिलेलं असतं आणि आत जागा त्याच्या पाव असते. कॉपी होताना सगळं ठीक दिसतं, वाचायला गेलं की फाइल फाटलेली. नवा ड्राइव्ह आला की मी आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासतो. वेळ लागतो, पण एवढं एकदाच करायचं असतं.

माझ्या ड्राइव्हवर पाच आयएसओ आहेत. क्लोनझिला, रेस्क्यूझिला, सिस्टमरेस्क्यू, मेमटेस्ट८६ प्लस (रॅम तपासणारं) आणि विंडोजचा इन्स्टॉलर. इमेजचं मुख्य काम क्लोनझिला करतं. तैवानच्या एनसीएचसी या राष्ट्रीय संगणन केंद्रात ते तयार झालं. आत पार्टक्लोन नावाचा प्रोग्राम असतो, तो डिस्कवरचे वापरलेले ब्लॉकच (तुकडेच) उचलतो, त्यामुळे २५६ जीबीच्या डिस्कवर ३० जीबी भरलेलं असेल तर तेवढंच वाचलं जातं आणि दाबून आणखी लहान होतं. रेस्क्यूझिलात तेच काम माउसने होतं आणि क्लोनझिलाने घेतलेली इमेज तिथेही चालते. निळ्या-करड्या पडद्याला जे घाबरतात त्यांच्यासाठी ते बरं. तुमच्या ४ जुन्या मशीनमध्ये रॅम कमी असेल तर तिथे मात्र क्लोनझिलाच वापरा. सिस्टमरेस्क्यूत डीडीरेस्क्यू आणि टेस्टडिस्क आहेत, मरणपंथाला लागलेल्या डिस्कसाठी. मेमटेस्ट तर ठेवाच. डिस्क खराब म्हणून बदलली आणि दोष रॅमचा निघाला, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

आयएसओ कॉपी झाल्यावर ड्राइव्ह ओढून काढू नका, इजेक्ट करून काढा. मग एकदा त्यावरून बूट करून मेनूत फाइलवर थांबा आणि एम दाबा. व्हेंटॉय तिथेच फाइलचा शा२५६, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा लांबलचक आकडा, काढून दाखवतं. तो डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी जुळतो का ते बघा. अर्धवट कॉपी झालेल्या आयएसओने ऐन वेळी दगा दिला की माणूस उगाच मशीनवर संशय घेत बसतो.

आता मेनूची नावं. व्हेंटॉय मूळ फाइलचं नाव जसंच्या तसं दाखवतं, आवृत्तीच्या आकड्यांसकट. ते तुम्हाला कळेल, पण शनिवारी दुपारी लॅब सांभाळणाऱ्या बाईंना नाही कळणार. व्हेंटॉयच्या झिपमध्येच व्हेंटॉयप्लगसन नावाची फाइल असते. ती चालवली की ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि तिथे प्रत्येक आयएसओला आपलं नाव देता येतं, खाली एका ओळीची सूचनाही लिहिता येते. कोड हाताने लिहावा लागत नाही. मी नावांत क्रियापद टाकतो आणि परिणाम सांगतो: ‘इमेज घे, डिस्क वाचली जाईल’, ‘इमेज टाक, डिस्क पुसली जाईल’, ‘रॅम तपास, काहीही पुसलं जात नाही’. पडद्यावर ही नावं रोमन लिपीत लिहा, कारण बूटच्या पडद्यावर आपली जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. पुसणाऱ्या नोंदीला पासवर्ड लावा, तीही सोय त्याच पानावर आहे. आणि काही सेकंदांनी पहिली नोंद आपोआप सुरू व्हावी असं टायमर कधीच लावू नका. ड्राइव्ह चुकून मशीनला लागलेला राहिला आणि वीज जाऊन परत आली, की पुढे काय होईल ते सांगायला नको.

एवढं का सांगतो ते ऐका. काही वर्षांपूर्वी एका किराणा दुकानदाराची डिस्क बदलायची होती. जुनी ५०० जीबीची, नवीही ५०० जीबीची, त्याच कंपनीची. नवी चालते का हे बघायला मी तिच्यावर कोरं विंडोज टाकून पाहिलं होतं. क्लोनझिलात थेट डिस्कवरून डिस्कवर हा पर्याय घेतला. पडद्यावर एसडीए आणि एसडीबी (दोन डिस्कना तिथे मिळणारी नावं), पुढे तोच आकार, तेच मॉडेल. मी केबलींचा क्रम धरून अंदाज केला. क्लोनझिलाने दोनदा विचारलं, मी दोनदा वाय, म्हणजे हो, दाबलं. बरोबर वीस मिनिटांनी दोन्ही डिस्कवर कोरं विंडोज होतं. त्या माणसाची तीन वर्षांची उधारीची खाती त्यात गेली. टेस्टडिस्क आणि फोटोरेक चालवून थोडंफार हाती लागलं, पण खात्यांची मूळ फाइल नाही. ते काही बोलले नाहीत. चवथीच्या आधीचे दिवस होते, दुकानात गर्दी होती, आणि ते वहीत आठवून आठवून नावं लिहीत बसले होते. ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून मी थेट डिस्कवरून डिस्कवर कधीच करत नाही. आधी इमेज वेगळ्या बाह्य डिस्कवर, ती तपासून झाली की मगच नव्या डिस्कवर. प्रत्येक डिस्कवर कागदी पट्टी चिकटवून सिरियल नंबरची शेवटची चार अक्षरं मोठ्याने वाचता येतील अशी लिहितो, कारण क्लोनझिला यादीत मॉडेलबरोबर सिरियलही दाखवतं. वाय दाबण्यापूर्वी पडद्यावरची चार अक्षरं आणि पट्टीवरची चार अक्षरं मोठ्याने वाचायची. आणि कामात नसलेल्या डिस्कची केबल सरळ काढून ठेवायची.

बाह्य डिस्क वेगळी का, तर इमेज त्याच व्हेंटॉय ड्राइव्हवर ठेवायला गेलात तर अडाल. व्हेंटॉयने बूट केलेलं असताना तो मोठा भाग वापरात धरला जातो आणि क्लोनझिलात सहज उघडत (माउंट होत) नाही. त्यावर तोडगे आहेत, पण शाळेत दोन वस्तू ठेवणंच सोपं: बूटचा ड्राइव्ह आणि इमेजची डिस्क. यूएसबीचे पोर्ट कमी असतील तर क्लोनझिलाच्या मेनूत सगळं रॅममध्ये चढवण्याचा पर्याय असतो. तो घेतला की पेनड्राइव्ह काढून त्याच पोर्टला डिस्क लावता येते.

आता इमेज घेण्याच्या मशीनबद्दल, कारण पुढच्या अडचणी बहुतेक इथेच सुरू होतात. १४ नव्यांपैकी ज्याची डिस्क सर्वांत लहान, त्याच्यावरून इमेज घ्या. क्लोनझिला मोठ्या डिस्कवरची इमेज लहान डिस्कवर सहज टाकत नाही, २४० आणि २५६ जीबीचा फरकसुद्धा आडवा येतो. लहानावरून मोठ्यावर टाकताना भागांचा आकार प्रमाणात वाढवायचा पर्याय मिळतो. जुन्या ४ मशीनसाठी वेगळी इमेज घ्या. बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा आतला प्रोग्राम, यूईएफआय ही त्याची नवी पद्धत. नवी मशीन यूईएफआयने बूट होत असतील आणि जुनी लेगसी (जुन्या) बायोसने, तर एकाची इमेज दुसऱ्यावर उठणार नाही.

त्या मशीनवर विंडोज, ऑफिस, मराठी टायपिंग, मुलांना लागणारं सगळं टाकून अपडेट करून घ्या. मग बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. नव्या मशीनवर तिचाच प्रकार असलेलं डिव्हाइस एन्क्रिप्शन बरेचदा आपणहून चालू झालेलं असतं, आणि मग पार्टक्लोनला आतलं काही कळत नाही. सगळी डिस्क सेक्टर सेक्टर करून उचलावी लागते, इमेज अवाढव्य होते. लॅबच्या मशीनवर ते बंद करून पूर्ण उलगडू द्या. बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरने मशीन उठू न देणारी सोय) बदलण्याआधीही हे तपासा, नाहीतर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसेल. खरं तर सिक्युअर बूट बंद करायची गरज नसते. व्हेंटॉय पहिल्यांदा उठताना निळा पडदा येतो, तिथे त्याची की एकदा नोंदवायची. प्रत्येक मशीनवर एकदा, म्हणजे १४ वेळा.

एकच इमेज सगळ्यांवर टाकायची असेल तर घेण्यापूर्वी विंडोजमधलं सिसप्रेप चालवा, जनरलाइझवर (त्या एका मशीनच्या खास खुणा पुसण्याच्या पर्यायावर) खूण करून आणि शेवटी शटडाउन निवडून. मशीन बंद झालं की विंडोजमध्ये परत जाऊ नका, थेट पेनड्राइव्हवरून उठवा. सिसप्रेप करत नसाल, नुसती एका मशीनची सुरक्षित प्रत घेत असाल, तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि क्लोनझिला त्या भागावर अडून बसतं.

इमेज घेऊन झाली की क्लोनझिला ती तपासू का असं विचारतं. हो म्हणा. पण त्या तपासणीतून फाइल वाचता येते एवढंच कळतं, विंडोज उठतं का ते कळत नाही. म्हणून १८ मशीनना हात लावण्याआधी एका मशीनची डिस्क काढून तिच्या जागी रिकामी डिस्क लावा, तिच्यावर इमेज टाका, मशीन चालू करून लॉगिन होईपर्यंत बघा. प्रिंटर लागतो का, मराठी कीबोर्ड येतो का तेही. हे न केलेली इमेज मी इमेज समजत नाही.

तुमच्या गैरहजेरीचा प्रश्न यानंतर सुटतो. इमेज पक्की झाली की क्लोनझिलातच रिकव्हरी आयएसओ किंवा झिप बनवायचा पर्याय आहे. त्यात इमेज आणि ती टाकण्याची आज्ञा एकत्र बांधली जाते. तो आयएसओ व्हेंटॉय ड्राइव्हवर कॉपी केला की मेनूत एक नोंद वाढते, ‘नव्या मशीन पूर्ववत कर, अख्खी डिस्क पुसली जाईल’. पासवर्ड टाकायचा, दोनदा वाय म्हणायचं, बाकी तो बघतो. एक्सफॅटवर ४ जीबीहून मोठी फाइल चालते, पण हा आयएसओ मोठा होतो, म्हणून इथे ६४ जीबीचा ड्राइव्ह घेतलेला बरा. मुलांच्या फाइल मात्र मशीनच्या आतल्या डिस्कवर ठेवू देऊ नका.

आपल्याकडचं एक सांगतो. इमेज टाकताना वीज गेली तर डिस्क अर्धवट लिहिलेली राहते. ती बिघडत नाही, पण परत पहिल्यापासून टाकावं लागतं. वीज येताना झटका बसला तर मात्र बाह्य डिस्कही जाऊ शकते. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडायला लागलं की मी हे काम हातात घेत नाही, सकाळी करतो, तेही यूपीएसवर. इमेजची डिस्क लॅबच्या कपाटात उघडी ठेवू नका. पावसाळ्यात यूएसबीच्या टोकांवर हिरवट थर येतो आणि आपण समजतो ड्राइव्ह मेला. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. दुसरी प्रत मुख्याध्यापकांच्या खोलीत असू द्या.

चवथीच्या सुट्टीत लॅब रिकामी असते, तेव्हा एका नव्या मशीनपासून सुरुवात करा. पेनड्राइव्हवरून उठवायला मशीन चालू होताना दाबायची बूट मेनूची की डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९. एसरला एफ १२ आहे, पण ती आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. क्लोनझिलात आतली डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. बायोसमध्ये साठवणीची पद्धत आरएसटी किंवा व्हीएमडी (इंटेलच्या खास पद्धती) असते तेव्हा असं होतं. ती एएचसीआय या नेहमीच्या पद्धतीला नेण्याआधी विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करावी लागते, नाहीतर ते उठत नाही. तसं दिसलं तर काही बदलू नका. बायोसच्या त्या पानाचा फोटो आणि मशीनचं मॉडेल इथे टाका, मी बघून सांगतो.