सोनाराने 22 कॅरेट सांगितलं, मग नाणं घेऊ का?

प्रश्न : मी वाईजवळ राहतो. ओळखीतल्या एकांकडे छत्रपती शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन आहे, पणजोबांपासून घरात आहे असं ते म्हणतात. 90 हजार मागतायत. आमच्या सोनाराने मशीनवर ठेवून 22 कॅरेट आहे असं सांगितलं. महाराजांचं नाणं घरात असावं ही फार वर्षांची इच्छा आहे. इसार देऊन टाकू का?

उत्तर : दादा, इसार देऊ नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको. तुमची इच्छा मला पूर्ण कळते, मी स्वतः 25 वर्षं नाणी गोळा करतोय आणि होन हातात घेतल्यावर काय होतं ते मला माहिती आहे, पण नेमक्या याच भावनेवर नकली होनांचा सगळा बाजार चालतो.

सोनाराचं काय चुकलं? काहीच नाही. तुम्ही त्याला सोन्याबद्दल विचारलंत, त्याने सोन्याबद्दल सांगितलं. ते नाणं 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला त्या काळात पाडलंय की मागच्या दिवाळीला कुणीतरी ओतलंय, हे ना कसोटी सांगते ना मशीन. शिवाय ते मशीन वरवरचाच थर वाचतं, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. आणि आजकालचे चांगले नकली होन पितळेवर मुलामा दिलेले नसतातच, ते खऱ्या सोन्याचेच असतात. पावणेतीन ग्रॅम सोनं घालायचं आणि त्याचे लाख दोन लाख करायचे, मग सोन्यात कोण कशाला कंजूषी करेल?

किमतीचाच विचार करा ना. अस्सल होन फार फार दुर्मिळ आहे, कधीतरी लिलावात येतो तेव्हा बोली कित्येक लाखांत जाते. ज्याच्या घरी तो खरंच पिढ्यान् पिढ्या आहे त्याला हे आज मोबाईलवर पाच मिनिटांत कळतं, मग तो 90 हजारांत का देतोय? तांब्याची शिवराई भरपूर मिळते, ती शेकड्यात नाहीतर थोड्या हजारांत घेता येते, आणि तिच्यावरही एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव आणि दुसरीकडे छत्रपति हाच मजकूर असतो. होनाच्या प्रतिकृती तर आठवण म्हणून सर्रास विकल्या जातात, त्यात काही वाईट नाही, पण त्याच प्रतिकृती दोन पिढ्यांनी "पणजोबांच्या" होतात.

आता नाणं हातात घेऊन बघायचं काय ते सांगतो. एक दहा पटीचं भिंग घ्या, सोनारांकडे असतं तसं. त्या काळी नाणं हाताने पाडायचे, म्हणजे सोन्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. या घावाने धातू दबून अक्षरांच्या खाचेत शिरतो, म्हणून अस्सल नाण्यावर अक्षराची कड तीक्ष्ण असते आणि अक्षराच्या मुळाशी धातू ओढला गेल्याच्या बारीक रेषा दिसतात. ओतीव नाण्यात धातू पातळ होऊन साच्यात बसलेला असतो, त्याची अक्षरं साबणाची वडी चार दिवस वापरल्यावर दिसते तशी गुळगुळीत गोल होतात, सपाट जागेवर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात (हवेचे बुडबुडे राहतात ते), आणि कडेला साच्याचा सांधा घासून काढल्याच्या कानशीच्या खुणा असतात. वापरून झिजलेलं नाणं आणि ओतीव नाणं यात नवखा माणूस हमखास फसतो. झीज आधी उंच भागावर होते, खोलगट भाग तसाच खणखणीत राहतो. ओतीव नाण्यात वर खाली सगळीकडे सारखाच मऊपणा असतो. हा फरक एकदा डोळ्यात बसला की बसला.

दुसरी गोष्ट मी पैसे घालवून शिकलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून शाहजहानची एक मोहोर घेतली होती, मधल्या चौकोनात कलमा (इस्लाममधलं श्रद्धेचं वचन), वजन अगदी बरोबर 10.9 ग्रॅम, सोनं उत्तम. उजव्या काठाला एक छोटी चीर होती आणि वरच्या बाजूचा मजकूर चकतीबाहेर गेल्यामुळे अर्धवट होता, मला तर तेच आवडलं होतं, म्हटलं हाताने पाडलेल्याची खूण आहे. वर्षभराने दुसऱ्या गावात एका ट्रेमध्ये तीच मोहोर दिसली. म्हणजे तीच नव्हे, माझी घरी कपाटात होती, पण तीच चीर, त्याच जागी, तेवढ्याच लांबीची, आणि मजकूरही तिथेच कापलेला. ठसा एकच असू शकतो, एका ठशाने हजारो नाणी पडायची, पण प्रत्येक वेळी चकती वेगळी आणि घाव वेगळा, त्यामुळे ठसा कुठे सरकला आणि काठ कुठे फाटला हे दोन नाण्यांत सारखं येऊच शकत नाही. सारखं आलं म्हणजे दोन्ही एकाच नाण्यावरून साचा करून ओतलेली, किंवा फार तर त्यातलं एक मूळ. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत कारण बिलावर नुसतं "पिवळ्या धातूचं नाणं" लिहिलं होतं, आणि मी ते वाचलंच नव्हतं. त्यामुळे दादा, तुमच्या होनाचे दोन्ही बाजूंचे आणि काठाचे स्वच्छ फोटो काढा आणि जुन्या लिलावांचे कॅटलॉग, इंटरनेटवरची चित्रं यांच्याशी ताडून बघा. जुळं सापडलं तर विषय संपला.

वजन आणि घनता घरी काढता येते. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका, काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. शुद्ध सोनं 19.3 येतं, 22 कॅरेट साधारण 17.7 च्या आसपास. मोहोरेसारख्या मोठ्या नाण्याला हे छान चालतं, पण होन लहान आहे, साध्या दोन दशांशाच्या काट्यावर पाण्यातला आकडा 0.15 च्या ऐवजी 0.16 आला की उत्तर एकदम 18.3 वरून 17.2 वर येतं, तेव्हा तीन दशांशाचा काटा लागेल. नाण्याला बुडबुडे चिकटू देऊ नका. आणि हेही पुन्हा सोनंच तपासतं, नाणं नाही, एवढं डोक्यात ठेवा.

शेवटी ज्यांनी अस्सल होन पाहिलेत त्यांना दाखवा. नाशिकजवळ आंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, 1980 पासून आहे, संग्रहालय पण आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. आधी जाऊन खरी जुनी नाणी तासभर नुसती बघा, डोळा तयार होतो. तुमच्या ओळखीच्यांना यासाठी आठ दिवस थांबा म्हणा. खरं नाणं असेल तर आठ दिवसांत कुठे जात नाही, आणि ते घाई करायला लागले तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

प्रश्न : फारसी वाचता येत नाही, मग मुघल मोहोर घ्यायचीच नाही का? (पुणे)

उत्तर : घ्या की, पण आकडे तरी शिका, एका संध्याकाळचं काम आहे. नाण्यावर बऱ्याचदा हिजरी साल आणि बादशहाच्या राज्यारोहणापासूनचं वर्ष असं दोन्ही असतं आणि ते एकमेकांशी जुळायला हवं. औरंगजेब 1068 हिजरीत गादीवर आला, म्हणजे 1100 सालासोबत राज्यारोहणाचं वर्ष 32 किंवा 33 असेल तर ठीक, 1100 सोबत 12 असेल तर हात लावू नका. त्याने नाण्यावरून कलमा काढून टाकला होता, हेही लक्षात ठेवा, नकली करणारे कधीकधी एका बादशहाची एक बाजू आणि दुसऱ्याची दुसरी बाजू जोडतात.

प्रश्न : रस्त्याच्या कामावरचा एक मजूर सांगतोय की खोदताना सोन्याच्या नाण्यांचा हंडा सापडला, दोन नाणी दाखवली, ती सोनाराने खरी सांगितली. बाकीची निम्म्या भावात देतो म्हणतोय. (सोलापूर जिल्हा)

उत्तर : नको, नको, नको. दाखवायची दोन खरी असतात, पैसे मोजल्यावर मिळणारी पिशवी पितळेची असते, हा प्रकार फार जुना आहे. आणि समजा हंडा खराच असला तरी 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं धन कलेक्टरला कळवावं लागतं, लपवून विकणाऱ्याबरोबर तुम्हीही अडकाल. पोलिसांना सांगा.

प्रश्न : आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी वेगळी दिसते, बाकीच्यांपेक्षा जाड आहे आणि काठावर इंग्रजीसारखी अक्षरं आहेत. ती जुनं नाणं असेल का? आई म्हणते मोडून नवीन काहीतरी करू. (डोंबिवली)

उत्तर : ताई, आईंना आधी थांबवा! पुतळी हा दागिना मुळात व्हेनिसच्या डुकाट नावाच्या सोन्याच्या नाण्यावरून आलाय. हे नाणं 1284 पासून 1797 मध्ये व्हेनिसचं राज्य बुडेपर्यंत निघत होतं, वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध, आणि व्यापारातून ते आपल्या किनाऱ्यावर इतकं आलं की बायका माळेत ओवायला लागल्या. एका बाजूला उभ्या संतासमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडलेला प्रमुख, असतो, दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. मागणी वाढली तशी आपल्याकडे नक्कल होऊ लागली, त्यात माणसांच्या काड्या झाल्या आणि अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा. तुमच्या पुतळीवरची अक्षरं खरंच वाचता येत असतील, लॅटिनमधलं नाव लागत असेल, तर ती व्हेनिसहून आलेली असू शकते. आणि स्थानिक नक्कल निघाली तरी ती फसवणूक नव्हे, ती आपल्याच सराफांच्या हातची जुनी वस्तू आहे, तिचेही संग्राहक आहेत. ती तेवढीच एक सोडवून वजन करा, पण सोनाराला वरची कडी कापू देऊ नका, कडी जोडलेला टाका वितळवला की काठाची अक्षरं जातात, आणि चिंच, पितांबरी काही लावू नका, तशीच मऊ कापडात गुंडाळून ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा.