गालावर ठिपके, आणि दिवसभर पाठलाग

प्रश्न : आमच्या टँकमध्ये दोन ओरांडा आणि एक र्‍युकिन जातीचा असे तीन गोल्डफिश आहेत. मोठा ओरांडा हल्ली सारखा र्‍युकिनच्या मागे लागतो, पोटाखाली ढुशा देतो, आणि त्याच्या गालावर पांढरे ठिपके पण आलेत. आजार आहे की मारामारी? दुकानदार म्हणतो औषध टाका.

उत्तर : औषध आत्ता अजिबात टाकू नका, आधी टॉर्च मारून ठिपके नक्की कुठेयत ते बघा. फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या पंखांच्या पहिल्या जाड काडीवर, रव्याएवढे बारीक असतील तर तो नर आहे आणि विणीवर आलाय, मादीने अंडी सोडावीत म्हणून त्याची ही खटपट चाललीय. गोल्डफिश एरवी भांडखोर नसतातच हो. पण ठिपके अंगभर, शेपटीवरही पसरलेत, मासा दगडाला अंग घासतोय, पंख मिटून बसतोय असं दिसलं तर तो इक, म्हणजे परजीवीचा रोग, मग मात्र औषध टाकायला एक दिवसही थांबू नका.

मला खरी काळजी र्‍युकिनची वाटते, या गोल अंगाच्या जातींना धड पळता येत नाही, ढुशांनी खवले निघतात आणि त्या जखमेतूनच इन्फेक्शन होतं, त्यामुळे टँकमध्ये जाळीचं पार्टिशन टाकून तिला काही दिवस वेगळं ठेवा. टेस्ट किटने पाण्यातला अमोनियाही (माशांच्या घाणीतून होणारं विष) बघा, शून्यच यायला हवा, नसेल तर 25-30 टक्के पाणी बदला, नवीन पाणी क्लोरीन काढलेलंच घ्या. अंडी दिसली आणि पिल्लं हवी असतील तर लगेच बाजूला काढा, मोठे मासे ती खाऊन टाकतात.