वाचक विचारतात : कन्फ्यूशियस आणि त्याचे भाष्यकार

प्रश्न : कन्फ्यूशियसच्या वचनांची दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून वाचतो आहे. कित्येक ठिकाणी अर्थच जुळत नाही. एकाच्या तळटिपांत 'हे यान' नावाचा जुना चिनी भाष्यकार, दुसऱ्याच्या झू शी नावाचा. भाष्यं बाजूला सारून नुसतं मूळ वाचलं तर?

उत्तर : वाचा की! पण जुन्या चिनी मजकुरात विरामचिन्हं नसत, त्यामुळे वाक्य कुठे तोडायचं इथपासून भाष्यकार तुमच्या मानगुटीवर बसलेला असतो. दहाव्या प्रकरणात तबेला जळतो. दरबारातून परतलेले गुरुजी विचारतात, 'माणसांना इजा झाली का?' घोड्यांबद्दल विचारत नाहीत. लू दमिंग या जुन्या चिनी पंडिताने मात्र आणखी एक वाचन नोंदवून ठेवलंय. नकाराचं अक्षर आधीच्या वाक्यात घ्यायचं : 'माणसांना इजा झाली की नाही?' आणि मग घोड्यांची चौकशी. मला हे ओढूनताणून केलेलं वाटतं. प्राणिप्रेमींनी रागावू नये.

तुमच्या दोन भाष्यकारांत नऊशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे. हे यान इ. स. 249 मध्ये वारला. त्याने आधीच्या पंडितांची मतं नावानिशी एकत्र केली. झू शीला (1130–1200) अख्खं तत्त्वज्ञान उभारायचं होतं आणि प्रत्येक वचन त्याने त्यात बसवलं. 1313 मध्ये चीनच्या युआन (मंगोल) दरबाराने त्याचं भाष्य सरकारी परीक्षांना लावलं. त्या परीक्षा 1905 मध्ये बंद झाल्या. तोवर त्याचं म्हणणं उमेदवारांना पाठ असे.

गडी धीट होता. 'दा श्वे' ('थोर विद्या') या छोट्या कन्फ्यूशियन ग्रंथातला क्रम त्याने बदलला. एक भाग हरवलाय असं ठरवून 134 अक्षरांचा मजकूर स्वतः लिहून घातला, तोही तसं उघड सांगून. पुढच्या काळातला तत्त्वज्ञ वांग यांगमिंग याला हे पटलं नाही. 1518 मध्ये त्याने जुन्या क्रमाचीच प्रत छापली.

ग्रंथालयात रुआन युआनने काढलेली तेरा कन्फ्यूशियन ग्रंथांची आवृत्ती (नानचांग, 1815–16) मिळाली, तर चिनी येत नसलं तरी एक पान उघडून बघा. मूळ ठळक अक्षरांत, खाली बारीक दुहेरी ओळींत भाष्य, मग त्या भाष्यावरची टीका. गीतेवर शांकरभाष्य आणि त्यावर आनंदगिरी, तशीच ही उतरंड. वचनांपुरतं भाष्य हे यानचं, टीका शिंग बिंगची. अक्षराशेजारी छोटं वर्तुळ दिसलं की पाठभेदाची चर्चा प्रकरणाच्या शेवटी आहे असं समजायचं. झू शी मात्र या संचात शोधू नका, तो नाही. 'दा श्वे'ही इथे जुन्याच क्रमाने येतो.

भाषांतरकार कुणाच्या मागून चालतोय हे बहुधा प्रस्तावनेत सापडतं. मी आधी हे यान वाचतो, अडलो की झू शी.

प्रश्न : भाष्य जितकं जुनं तितकं विश्वासार्ह, असं धरावं का?

उत्तर : भाष्य जुनं असेल, पण हातातली प्रत कुणी छापली? सहाव्या शतकातल्या हुआंग खानची वचनांवरची टीका चीनमध्ये नाहीशी झाली होती. जपानमध्ये तिची हस्तलिखितं टिकली, 1750 मध्ये ती तिथे छापली गेली आणि मग मायदेशी परतली. जपानी संपादकाने मांडणी बदललीच होती. पुढे चीनमध्ये, मांचू बादशहाच्या राज्यात, सीमेपलीकडच्या 'रानटी' लोकांना हिणवणारा मजकूरही बदलला गेला. मांचू स्वतः सीमेपलीकडूनच आलेले! हा 'रानटी' लोकांचा विषय तिसऱ्या प्रकरणातल्या पाचव्या वचनात येतो, तेव्हा त्यावरची हुआंग खानची टीका जपानी हस्तलिखितांवरून केलेल्या आवृत्तीतच वाचा.