‘मला माहीत असतं तर सांगितलं असतं’ याचं इंग्रजी नक्की काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे कंडिशनलचे, म्हणजे इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांचे, चारही प्रकार पाठ आहेत, गाळलेल्या जागा बरोबर भरता येतात, पण बोलायला गेलं की ‘वुड’ कुठे आणि ‘हॅड’ कुठे हे आठवेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. शिवाय वरच्या वाक्याचं दोघांनी दोन वेगवेगळं इंग्रजी करून दिलं, तर त्यातलं बरोबर कुठलं?

दोन्ही बरोबर आहेत, आणि तुमच्या गोंधळाचं मूळही तिथेच आहे.

समजा, आत्ता कुणी तुम्हाला विचारलं, “किल्ली कुठे आहे?” तुम्हाला खरंच माहीत नाही. तुम्ही वैतागून म्हणता, “मला माहीत असतं तर सांगितलं असतं ना!” हे आत्ताचं बोलणं. इंग्रजीत: ‘इफ आय न्यू, आय वुड टेल यू.’ आता दुसरा प्रसंग. कालची मीटिंग रद्द झाली होती, मित्र उगाच जाऊन आला आणि तुमच्यावर चिडलाय. तुम्ही म्हणता, “अरे, मला माहीत असतं तर सांगितलं असतं.” शब्द तेच, पण गोष्ट कालची. इंग्रजीत: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.’

म्हणजे आत्ताची न-घडलेली गोष्ट आणि कालची न-घडलेली गोष्ट मराठी एकाच ‘असतं’वर भागवते, संदर्भ ऐकणाऱ्याने लावायचा. इंग्रजीत मात्र बोलणाऱ्यालाच ठरवावं लागतं. शाळेत आपण याला संकेतार्थ म्हणून शिकलो आणि ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हे उदाहरण घोकलं, पण या दोन काळांचा फरक कुणी दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.

म्हणून प्रकारांचे नंबर बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी ठरवा: हे होण्यासारखं आहे की नुसती कल्पना आहे? आणि कल्पना असेल तर ती आत्ताची की होऊन गेलेल्या वेळेची?

आत्ताची कल्पना असेल तर इंग्रजी एक पायरी मागे जातं: ‘नो’चं ‘न्यू’, ‘हॅव’चं ‘हॅड’. होऊन गेलेल्याची असेल तर आणखी एक पायरी मागे: ‘हॅड नोन’, ‘हॅड हॅड’. हो, ‘इफ आय हॅड हॅड टाइम’ हे छपाईची चूक वाटलं तरी बरोबर आहे. पहिला ‘हॅड’ मदतनीस, दुसरा स्वतःचं काम करणारा.

आता “आत्ताच्या गोष्टीला भूतकाळ का?” हा हमखास येणारा प्रश्न. पण आपणही तेच करतो की! ‘उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही.’ पाऊस उद्याचा आणि क्रियापद ‘पडला’. क्रियापदाचं रूप आणि खरा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हाला बोलायला लागल्यापासून येतंय. फक्त इथे जपून. आपला ‘पडला’ साधी शक्यता सांगतो, आणि ती शक्यता इंग्रजी साध्या वर्तमानकाळात सांगतं: ‘इफ इट रेन्स टुमॉरो, आय वोन्ट कम.’ त्याऐवजी ‘इफ इट रेन्ड’ म्हणालात तर चूक नाही, पण ऐकणाऱ्याला वाटेल की पाऊस येईल असं तुम्हाला काही वाटत नाहीये.

‘इफ इट विल रेन’ ही चूक तर आपण करायलाच नको, कारण ‘पाऊस पडेल तर’ असं आपण मराठीतही सहसा म्हणत नाही. भविष्यकाळ म्हणजे ‘विल’ हे समीकरण डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की ते मातृभाषेचंही ऐकत नाही. मात्र ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ यातलं ‘विल’ बरोबर आहे. तिथे ‘इफ’ म्हणजे ‘जर’ नव्हेच, ‘येईल की नाही’ मधलं ‘की’ आहे. ‘इफ’च्या जागी ‘वेदर’ (whether) बसलं की समजा, अटीचा संबंध नाही.

सगळ्यात चिवट चूक वेगळीच आहे: ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.’ मी स्वतः कित्येक वर्षं असंच लिहीत होतो. मराठी वाक्यात दोन्हीकडे ‘असतं’ आहे ना, म्हणून आपण दोन्हीकडे ‘वुड हॅव’ टाकतो. इंग्रजीत ‘वुड’ फक्त ‘तर’नंतरच्या भागात. बोलण्यात काही इंग्रजी भाषकही दोन्हीकडे लावतात, पण लिखाणात आणि परीक्षेत ती चूकच धरली जाते.

ऐकताना आणखी एक फसगत होते. ‘इफ आयड नोन, आयड हॅव टोल्ड यू’ असं भरभर कानावर येतं. दोन्ही ‘आयड’ सारखेच, पण पहिला ‘आय हॅड’ आणि दुसरा ‘आय वुड’. पुढचा शब्द बघायचा: ‘हॅव’ किंवा साधं मूळ रूप आलं तर ‘वुड’, ‘नोन’सारखं तिसरं रूप आलं तर ‘हॅड’.

वाक्याच्या दोन भागांचा काळ वेगळाही असू शकतो. ‘काल नीट झोपलो असतो तर आत्ता डुलक्या घेत नसतो’ यात पहिला भाग कालचा, दुसरा आत्ताचा: ‘इफ आय हॅड स्लेप्ट वेल, आय वुडन्ट बी डोझिंग ऑफ नाउ.’ याला मिक्स्ड कंडिशनल म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, प्रत्येक भागाचा काळ स्वतंत्र विचारला की वाक्य आपोआप जुळतं.

उरलेलं पटकन. झिरो कंडिशनल म्हणजे आपलं ‘की’चं वाक्य, ‘बर्फ तापवला की वितळतो’. इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे, त्यामुळे पुढे पुन्हा ‘डोन्ट’ लावलात तर अर्थ उलटा होतो. ‘इफ आय वेअर यू’ तसंच्या तसं पाठ करा. इतरत्र बोलण्यात ‘इफ आय वॉज’ सर्रास चालतं, परीक्षेत ‘वेअर’च लिहा.

आता हे वाक्य घ्या: ‘ती इथे असती तर हसली असती.’ याची दोन्ही इंग्रजी रूपं आणि प्रत्येकासाठी एकेक प्रसंग खाली लिहा. आधी कुठलं सुचलं तेही सांगा, म्हणजे गाडी कुठे अडते ते बघता येईल.