वाचकांचे प्रश्न : १९८८-८९च्या इंग्लिश फुटबॉल लीगच्या विजेतेपदाचा निकाल

प्रश्न : १९८८-८९च्या मोसमात आर्सेनल आणि लिव्हरपूल यांचे गुण सारखे होते आणि गोलफरकही सारखाच होता, असे वाचनात आले. मग विजेतेपद आर्सेनलला कोणत्या नियमाने मिळाले?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. दोन्ही संघांनी ३८ सामन्यांपैकी २२ जिंकले, १० बरोबरीत सोडवले आणि ६ गमावले, त्यामुळे प्रत्येकी ७६ गुण झाले. आर्सेनलचे ७३ गोल झाले व त्यांच्यावर ३६ झाले. लिव्हरपूलचे आकडे ६५ आणि २८ होते. दोघांचाही फरक ३७ भरतो. अशा वेळी ज्याने अधिक गोल केले तो वरचढ, असा नियम असल्याने आर्सेनल १९७१नंतर प्रथमच विजेता ठरला.

हे सारे २६ मे १९८९ रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर, या दोन संघांच्याच अखेरच्या सामन्यात ठरले. त्या रात्री लिव्हरपूल तीन गुणांनी पुढे होते आणि गोलफरकातही चारने सरस होते. म्हणजे आर्सेनलला नुसता विजय नव्हे, तर दोन गोलांनी विजय हवा होता. ॲलन स्मिथने उत्तरार्धात पहिला गोल केला आणि भरपाईच्या वेळेत मायकेल थॉमसने दुसरा.

मात्र खरी गंमत नियमाच्या इतिहासात आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. १९७५-७६च्या मोसमापर्यंत इंग्लंडमध्ये केलेल्या गोलांना स्वतःवर झालेल्या गोलांनी भागून येणारी सरासरी पाहिली जाई. तो नियम टिकला असता तर लिव्हरपूलची सरासरी २.३२ आणि आर्सेनलची २.०३ भरली असती. दोन शून्य असे जिंकूनही आर्सेनल दुसरेच राहिले असते, कारण त्यांना त्या रात्री पाच शून्य असा विजय लागला असता. जुनी पद्धत बचाव भक्कम असलेल्या संघाला झुकते माप देत असे, आणि आक्रमणाला उत्तेजन मिळावे हा ती बदलण्यामागचा एक हेतू होता. प्रशिक्षक जॉर्ज ग्रॅहम यांच्या, बचावासाठीच ओळखल्या गेलेल्या आर्सेनलला याच बदलाने तारावे, हा योगायोग आम्हाला मोठा मासलेवाईक वाटतो. परस्परांतील सामन्यांचा निकष लावला असता तरीही आर्सेनलच पुढे राहिले असते, कारण डिसेंबरात आर्सेनलच्या हायबरी मैदानावर झालेला सामना १-१ असा बरोबरीत सुटला होता.

प्रश्न : पहिल्या दोन संघांचा सामना नेमका शेवटी, तोही शुक्रवारी रात्री, कसा आला? हे मुद्दाम ठरवले होते का?

उत्तर : नाही. हा सामना मूळ वेळापत्रकात २३ एप्रिलला होता. त्याआधी १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात, प्रेक्षकांची भीषण चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या पुढे ९७ झाली. त्या शोकात लिव्हरपूलचे सामने लांबणीवर पडले आणि राहिलेले सामने मे महिन्यात दाटीवाटीने बसवावे लागले. २० मे रोजी जादा वेळेत एव्हर्टनला ३-२ असे हरवून त्यांनी एफए कप जिंकला, २३ मे रोजी वेस्ट हॅमला ५-१ असे नमवले आणि तिसऱ्या दिवशी आर्सेनलशी गाठ पडली. लिव्हरपूलचे प्रशिक्षक केनी डॅलग्लिश यांच्या खेळाडूंच्या मनावर आणि पायांवर किती भार होता, हे त्या सामन्याबद्दल बोलताना विसरता कामा नये.

प्रश्न : आर्सेनलचा पहिला गोल वादग्रस्त होता का?

उत्तर : नायजेल विंटरबर्नने मारलेली ती अप्रत्यक्ष फ्री किक होती. अशी किक दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श न होता जाळ्यात गेली तर गोल धरला जात नाही. स्मिथचे डोके लागलेच नाही, अशी हरकत लिव्हरपूलच्या खेळाडूंनी घेतली. पंच डेव्हिड हचिन्सन यांनी लाइन्समनशी बोलून गोल कायम ठेवला.