जुन्या संगणकात नवी हार्ड डिस्क बसवताना माहिती पुसली गेली, तर दाद कोठे मागावी?

प्रश्न : मी सांगलीत एकटाच डीटीपीचे काम करतो. माझ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये कामाच्या फाइलींसाठी 500 जीबीची वेगळी हार्ड डिस्क होती. ती भरत आल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी कोल्हापुरातील एका दुकानदाराला संगणक दाखवून, त्याच्याच सल्ल्याने 4 टीबीची नवी डिस्क घेतली. जुनी डिस्क तशीच ठेवून तिच्यातील सर्व काम नव्या डिस्कवर उतरवून द्यायचे ठरले होते आणि त्याची मजुरी मी वेगळी दिली. संगणक परत आला तेव्हा नवी डिस्क 2 टीबीचीच दिसत होती आणि जुनी पूर्ण कोरी होती. अकरा वर्षांचे काम गेले. ‘फॉरमॅट करताना चुकून जुनी डिस्क सिलेक्ट झाली,’ असे कारागिराने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले. दुकानदार मात्र पावतीवर छापलेल्या ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ या ओळीकडे बोट दाखवतो. पोलिसांत तक्रार करावी, की भरपाई मागता येईल?

उत्तर : कायद्याकडे वळण्यापूर्वी एक विनंती. जुनी डिस्क अजून संगणकात असेल, तर ती आजच काढून बाजूला ठेवावी आणि तिच्यावर कोणतेही मोफत सॉफ्टवेअर चालवून पाहू नये. ‘क्विक’ म्हणजे झटपट फॉरमॅटमध्ये अनेकदा फाइलींची केवळ नोंद पुसली जाते, मूळ मजकूर डिस्कवर राहतो आणि त्यावर दुसरे काही लिहिले गेले की मगच तो कायमचा जातो. ही डिस्क आपल्या दाव्यातील सर्वांत महत्त्वाचा पुरावाही आहे.

आपल्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांचे बळ सारखे नाही. नवी डिस्क 2 टीबीची दिसते, याचा अर्थ ती सदोष आहे असा नव्हे. डिस्कची मांडणी ‘एमबीआर’ या जुन्या पद्धतीने केली, तर साधारण 2 टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. ‘जीपीटी’ पद्धतीने केली, तर ती मिळते आणि विंडोज दुसऱ्या डिस्कवर असल्याने आपल्या जुन्या संगणकाचीही त्याला बहुधा अडचण येणार नाही. (त्यानंतरही विंडोज 4 टीबीऐवजी सुमारे 3.63 टीबी दाखवील; तो केवळ मोजणीतील फरक आहे.) आपण संगणक दाखवून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली असल्याने, वस्तू त्या कामास योग्य असावी ही 1930 च्या माल विक्री कायद्यातील कलम 16 ची गर्भित (न लिहिताही लागू असणारी) अट येथे मांडता येईल. तथापि जो दोष मांडणी बदलून दूर होतो, त्यासाठी डिस्कची किंमत परत मागितल्यास आपली खरी तक्रार झाकोळली जाईल, असे मला वाटते. सध्याच्या स्थितीचे छायाचित्र घेऊन ठेवावे आणि मांडणी विनामूल्य दुरुस्त करून द्यावी, एवढीच मागणी करावी.

खरी तक्रार सेवेतील त्रुटीची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) मधील व्याख्येत, सेवा देणाऱ्याच्या ज्या निष्काळजी कृतीमुळे ग्राहकाचे नुकसान होते ती कृती स्पष्टपणे समाविष्ट आहे. शिवाय डिस्क कामासाठी ताब्यात घेणारा दुकानदार 1872 च्या करार कायद्यातील कलम 148 नुसार निक्षेपग्राही (दुसऱ्याची वस्तू ठरलेल्या कामापुरती ताब्यात घेणारा) ठरतो, आणि सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी त्याने घेतलीच पाहिजे, असे कलम 151 सांगते. फॉरमॅटपूर्वी डिस्कचा क्रमांक आणि आकार पाहणे ही त्या कामातील प्राथमिक दक्षता आहे, आणि 500 जीबी व 4 टीबी या आकारांत गफलत होण्यास फारसा वाव नाही.

आपण व्यवसाय करता, म्हणून ग्राहक नाही, असा बचाव निश्चित येईल. त्याचे उत्तर लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या 1995 मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे : स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वस्तू स्वतः वापरणारा ग्राहकच राहतो आणि एक-दोन मदतनीस घेतल्याने त्याचा तो दर्जा जात नाही. त्या निकालात टंकलेखन यंत्राचेच उदाहरण घेतले आहे, आणि आपली स्थिती त्यापासून फार दूर नाही. तक्रारीत ‘मी एकट्याने, उपजीविकेसाठी हे काम करतो’ हे विधान स्पष्ट शब्दांत असू द्यावे.

पावतीवरील छापील ओळीबाबत एक गोष्ट आठवून पाहावी : आपण काम देताना एखाद्या जॉब शीटवर (कामाचा तपशील लिहिलेल्या कागदावर) सही केली होती का? भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या 1996 च्या निकालात, सही केलेल्या दस्तऐवजातील अट सामान्यतः बंधनकारक धरली गेली आहे. सही नसेल आणि काम झाल्यावर हाती आलेल्या पावतीवरच ती ओळ असेल, तर ती कराराची अट होती हे सिद्ध करणे दुकानदाराला जड जाईल.

पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली गुन्हा ठरण्यासाठी अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो आणि ‘चुकून झाले’ हा आपलाच पुरावा त्याच्या विरुद्ध बोलतो. तोच संदेश ग्राहक आयोगापुढे मात्र मोलाचा आहे. तो फोनमधून पुसू नये आणि त्याच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे.

भरपाईच्या रकमेबाबत आपल्याला सावध करणे माझे कर्तव्य आहे. ‘अकरा वर्षांचे काम’ ही वेदना खरी आहे, परंतु आयोगाला आकडे लागतात : माहिती परत मिळवण्याच्या खर्चाचे लेखी अंदाजपत्रक, पुन्हा करावी लागलेली कामे, परत गेलेल्या ग्राहकांची पत्रे, दिलेली मजुरी. करार कायद्याचे कलम 73 दूरच्या व अप्रत्यक्ष हानीची भरपाई देत नाही आणि नुकसान कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही पाहते. त्यामुळे दुसरी प्रत का ठेवली नव्हती, हा प्रश्न विचारला जाईल. सर्व माहिती दुसरीकडे उतरवून घेण्यासाठीच हे काम दिले होते, हे त्याचे सरळ आणि सबळ उत्तर आहे.

प्रथम नोंदणीसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवून 15 दिवसांची मुदत द्यावी. जुनी डिस्क कोणत्या प्रयोगशाळेकडे व कधी तपासणीस देणार आहात, हे त्याच नोटिशीत कळवावे, म्हणजे पुढे छेडछाडीचा आरोप करण्यास जागा राहणार नाही. उत्तर न आल्यास सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येईल, कारण ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार चालते. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे, परंतु डिस्कची अवस्था पाहता नोटीस याच आठवड्यात जावी.